निषेध, पण नाव न घेता

८ सप्टेंबर १९८८ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एक विधेयक मांडलं गेलं आणि दुसऱ्याच दिवशी ते एकमताने मंजूर झालं. कायदेमंडळं, मग ती कुठलीही असोत, इतक्या घाईने सहसा हलत नाहीत. विधेयकाचं नाव होतं ‘वंशसंहार प्रतिबंधक कायदा’. सद्दाम हुसेनच्या सरकारने आपल्याच देशातल्या कुर्दांवर विषारी वायू सोडला, तेव्हा इराकची आर्थिक नाडी आवळायची, एवढा सरळ हेतू. अमेरिकी कर्जहमी बंद, इराकी तेल घेणं बंद, आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांत इराकच्या कर्जाला विरोध. मांडणारे होते क्लेबोर्न पेल आणि त्यांच्या जोडीला जेसी हेल्म्स. पेल उदारमतवादी डेमोक्रॅट, हेल्म्स कडवे उजवे रिपब्लिकन. एरवी या दोघांचं फारसं कशावर जमत नसे.

हे विधेयक कायदा कधीच झालं नाही. रासायनिक अस्त्रांवरच्या बंदीचा इतिहास समजून घ्यायचा तर ते का बारगळलं, इथूनच सुरुवात केलेली बरी.

इराकच्या ईशान्येला, इराणच्या सीमेजवळ हलबजा हे कुर्दांचं गाव आहे. इराण-इराक युद्धाचं तेव्हा आठवं वर्ष चालू होतं आणि इराणी फौजांनी कुर्दांच्या सशस्त्र लढवय्यांच्या, म्हणजे पेशमर्गांच्या, साथीने हे गाव नुकतंच ताब्यात घेतलं होतं. १६ मार्च १९८८ रोजी इराकी विमानं आली. आधी नेहमीचे बॉम्ब पडले. लोक सवयीने तळघरांत शिरले. एरवीच्या बॉम्बहल्ल्यात तेच शहाणपणाचं असतं. मग रसायनांचे बॉम्ब पडले. मस्टर्ड गॅस काय किंवा सरीन काय, दोन्हींची वाफ हवेपेक्षा जड. ती खाली उतरते आणि खोलगट जागी साचून राहते. जीव वाचवायला माणसं जिथे लपली, तीच जागा सर्वांत घातक ठरली. मृतांचा आकडा साधारण पाच हजारांपर्यंत सांगितला जातो आणि त्यात मोठा भाग बायका-मुलांचा होता.

सरीनचं मूळ शेतीच्या औषधांत आहे. गेर्हार्ड श्राडर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ पिकांवरच्या किडीसाठी नवं औषध शोधत होता. १९३६ मध्ये त्याच्या हाती टाबुन लागलं, १९३८ मध्ये सरीन. दोन्ही फॉस्फरसच्या सेंद्रिय संयुगांच्या कुळातली. मज्जातंतूकडून स्नायूला ‘आकुंचन पाव’ असा निरोप नेण्याचं काम शरीरात ॲसिटिलकोलीन करतं आणि निरोप पोचला की एक एन्झाइम त्याचा निकाल लावतं. सरीन या एन्झाइमलाच निकामी करतं. मग निरोप थांबतच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, शेवटी श्वास चालवणारे स्नायूच हार खातात. फवारणीच्या हंगामात विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांना ही लक्षणं अनोळखी नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्या वेळी वापरात असलेली काही कीटकनाशकं याच कुळातली होती. उतारा म्हणून दोन्हीकडे ॲट्रोपीनच टोचतात. कीटकनाशक आणि युद्धास्त्र यांच्यातलं अंतर इतकं कमी आहे आणि बंदीच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं रखडल्या त्याचं एक मोठं कारण हेच आहे. अणुबॉम्बचा कारखाना लपवायला कष्ट पडतात. विषारी वायूचा कारखाना औषधांच्या नावाची पाटी लावून राजरोस उभा राहू शकतो.

हलबजाच्या वेळी कायदा नव्हता असं नाही. कायदे होते, आणि ते जुने होते. १८९९ च्या हेग परिषदेत अनेक देशांनी घोषणा केली होती की, गुदमरवणारे वायू पसरवणं हाच ज्यांचा एकमेव उद्देश आहे असे तोफगोळे आम्ही वापरणार नाही. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी दीडशे टनांहून जास्त क्लोरीन सोडला तो जमिनीत पुरलेल्या नळकांड्यांतून, वारा अनुकूल झाल्यावर. तोफगोळा नाही म्हणजे घोषणेचा भंग नाही, अशी वकिली तयारच होती. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, याच आघाडीवर हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन वायूच्या तोंडी गेली. आमच्या जवानांकडे तेव्हा मुखवटे नव्हते. ओल्या फडक्याने नाक-तोंड बांधायचं, एवढाच उपाय. पहिलं महायुद्ध संपेपर्यंत वायूने सुमारे ९० हजार माणसं मेली आणि बाधितांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. क्लोरीनच्या हल्ल्याची आखणी करणारे फ्रिट्झ हाबर यांना १९१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते अमोनियाच्या निर्मितीसाठी होतं हे खरं, पण त्या वेळीही अनेकांना ते खटकलं होतं.

त्यानंतर १७ जून १९२५ चा जिनिव्हा करार आला. युद्धात विषारी वायू आणि जिवाणू वापरायचे नाहीत, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. मात्र काय लिहिलेलं नाही, ते पाहिलं पाहिजे. वायू बनवायला बंदी नाही. साठवायला बंदी नाही. कोणी वापरला तर तपास कोण करणार, शिक्षा कोण देणार, याबद्दल अवाक्षर नाही. शिवाय अनेक देशांनी सही करताना अट घातली की, समोरच्याने वापरला तर आम्हीही वापरू. म्हणजे प्रत्यक्षात ती ‘आधी वापरणार नाही’ एवढीच कबुली होती. ज्या अमेरिकेने या करारासाठी पुढाकार घेतला, तिच्याच सिनेटने १९२६ मध्ये तो अडवला. रसायन उद्योग, माजी सैनिकांच्या संघटना आणि लष्कराचं रासायनिक खातं, सगळे विरोधात उभे राहिले. अमेरिकेची मान्यता आली ती १९७५ मध्ये, पन्नास वर्षांनी. मुसोलिनीच्या इटलीने तर सही आणि मान्यता दोन्ही देऊन १९३५-३६ मध्ये इथिओपियावर मस्टर्ड गॅस फवारला. सम्राट हैले सेलासी ३० जून १९३६ रोजी जिनिव्हाला राष्ट्रसंघासमोर उभे राहिले आणि त्यांनी ते सगळं सांगितलं. त्यांचं ऐकून घेतलं गेलं आणि पुढच्याच महिन्यात राष्ट्रसंघाने इटलीवरचे निर्बंध उठवले.

इराक १९३१ पासून या कराराचा सदस्य होता. १९८४ पासून संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ इराणमध्ये जाऊन जखमींना तपासत होते, बॉम्बचे तुकडे गोळा करत होते आणि मस्टर्ड व टाबुन वापरल्याचे अहवाल देत होते. सुरक्षा परिषद दरवेळी चिंता व्यक्त करायची. हलबजानंतर, ९ मे १९८८ रोजी तिने ठराव क्रमांक ६१२ केला. त्यात रासायनिक अस्त्रांच्या वापराचा जोरदार निषेध आहे आणि ‘दोन्ही बाजूंनी’ ती वापरू नयेत अशी अपेक्षा आहे. इराकचं नाव नाही. मेलेले कुर्द एका बाजूचे, विमानं एका बाजूची आणि समज दोघांना! इराणमधल्या खोमेनींच्या राजवटीची धास्ती मोठ्या देशांना इतकी होती की, सद्दामचे हात रक्ताने माखलेले दिसूनही कोणाला ते बघायचे नव्हते.

२० ऑगस्ट १९८८ ला युद्धबंदी झाली आणि मोकळ्या झालेल्या इराकी फौजा तुर्कस्तानच्या सीमेकडच्या कुर्द खेड्यांवर वळल्या. पुन्हा वायू. पन्नास हजारांहून जास्त माणसं डोंगर उतरून तुर्कस्तानात पळाली. इथे कायद्याचा आणखी एक तिढा होता. १९२५ चा करार ‘युद्धातल्या’ वापराबद्दल बोलतो. युद्ध तर संपलं होतं. स्वतःच्या हद्दीत स्वतःच्या नागरिकांना वायूने मारणं, हे त्या शब्दांत बसतं की नाही यावर वकील वाद घालू शकले असते. पेल यांच्या परराष्ट्र समितीत काम करणारा पीटर गॅलब्रेथ हा तरुण अधिकारी या वादात पडला नाही. विधेयकाचा मसुदा त्याचाच. ते सिनेटमध्ये मंजूर होताच तो ख्रिस व्हॅन हॉलन या सहकाऱ्याला घेऊन तुर्कस्तानच्या सीमेवरच्या छावण्यांत गेला. वेगवेगळ्या खेड्यांतून आलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी त्यांना सांगितलेलं वर्णन मात्र जुळत होतं: विमानं खाली येतात, बॉम्बचा आवाज फारसा होत नाही, पिवळट धूर पसरतो, पक्षी आणि गुरं मरून पडतात. संयुक्त राष्ट्रांना तपासासाठी पथक पाठवायचं होतं. इराकने नकार दिला. तुर्कस्ताननेही दिला.

पुराव्याचं काय झालं, तेही सांगायला हवं. १९९२ मध्ये, कुर्द भागावरचा सद्दामचा ताबा सुटल्यावर, मानवी हक्क संघटनांचे संशोधक बिर्जिन्नी नावाच्या खेड्यात गेले. चार वर्षांपूर्वीच्या बॉम्बच्या खड्ड्यांतली माती आणि धातूचे तुकडे त्यांनी उचलले. इंग्लंडमधल्या पोर्टन डाऊनच्या प्रयोगशाळेत त्यांत मस्टर्ड आणि सरीनचे अवशेष सापडले. चार पावसाळे, चार हिवाळे उलटूनही. म्हणजे पुरावा मिळत नव्हता असं नव्हे. घ्यायला कोणी जाऊ देत नव्हतं.

आता विधेयकाकडे. रेगन सरकारचा परराष्ट्र विभाग तोंडाने वायूहल्ल्याचा निषेध करत होता. ८ सप्टेंबरला त्यांनी जाहीरपणे तो केलाही. पण निर्बंधांना मात्र त्यांनी ‘अवेळी’ म्हणून विरोध केला. खरी गोम वेगळीच होती. इराक हे अमेरिकी गहू आणि तांदळाचं मोठं गिऱ्हाईक होतं आणि ही खरेदी अमेरिकी सरकारच्याच कर्जहमीवर चालायची. हमी गेली की माल पडून राहणार, हे आर्कान्सा आणि लुइझियानाच्या भातशेतीवाल्यांना आणि त्यांच्या खासदारांना चांगलं कळत होतं. तेल कंपन्या होत्या, बांधकामाची कंत्राटं होती. प्रतिनिधीगृहात विधेयकाचे एकेक दात काढले गेले. मग ते एका कर-विधेयकाच्या शेपटीला बांधलं गेलं आणि ऑक्टोबरमध्ये अधिवेशन संपताना तिथेच विझलं. शेतकऱ्याची बाजू घेण्यात गैर काही नाही. आपलेही खासदार कांद्या-साखरेच्या निर्यातीसाठी भांडतातच. पण एका वाक्यात ‘वंशसंहार’ म्हणायचं आणि पुढच्या वाक्यात तांदळाचा भाव विचारायचा, हे जमवायला वेगळं काळीज लागतं. १९८९ च्या शेवटी अमेरिकेने इराकच्या शेतमाल खरेदीसाठी आणखी १ अब्ज डॉलरची कर्जहमी मंजूर केली. २ ऑगस्ट १९९० ला सद्दामने कुवेत घेतलं, तेव्हा चारच दिवसांत कडक आंतरराष्ट्रीय निर्बंध लागू झाले. कुर्दांच्या वेळी जे अवेळी होतं, ते तेलाच्या वेळी वेळेवर झालं.

विधेयक अगदीच वाया गेलं असं मात्र मी म्हणणार नाही. बगदादमध्ये अमेरिकी वकिलातीसमोर सरकारने मोठा मोर्चा काढवला, यावरून सद्दामला ते झोंबलं होतं हे दिसतं. आणि काहीतरी करून दाखवण्याचा दबाव वॉशिंग्टनवर आला. रेगन यांनी २६ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत जागतिक परिषद घेण्याची सूचना केली; फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांनी यजमानपद घेतलं. ७ ते ११ जानेवारी १९८९ अशी पाच दिवस पॅरिसमध्ये १४९ देशांची परिषद भरली. इराकचे प्रतिनिधीही सन्मानाने बसले होते. शेवटच्या घोषणापत्रात वापराचा निषेध झाला, १९२५ च्या कराराची आठवण झाली, नवा सर्वंकष करार लवकर करा असं आवाहन झालं. कोणी वापरला, ते मात्र याही वेळी कोणी लिहिलं नाही.

तरी पॅरिसनंतर जिनिव्हातल्या वाटाघाटींना वेग आला. अडलं होतं ते तपासणीवर. कोणाच्या कारखान्यात कोण शिरणार? सोव्हिएत रशियाने वर्षानुवर्षं परक्या निरीक्षकांना दार बंद ठेवलं होतं. १९८७ मध्ये गोर्बाचेव्हच्या सरकारने अचानक ते उघडायची तयारी दाखवली, तेव्हा पंचाईत अमेरिकेची झाली. आपल्या कंपन्यांची गुपितं फुटतील ही भीती तिलाही होतीच. अखेर मसुदा १९९२ मध्ये तयार झाला. १३ जानेवारी १९९३ ला पॅरिसमध्ये सह्या सुरू झाल्या आणि तीन दिवसांत १३० देशांनी त्या केल्या. २९ एप्रिल १९९७ पासून करार लागू झाला.

जुन्या करारापेक्षा हा मुळातच वेगळा. बनवणं, बाळगणं, देणं-घेणं, वापरणं, सगळंच बंद. असलेला साठा जाहीर करायचा आणि निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत नष्ट करायचा. ‘युद्धात’ हा शब्द नाही. बंदी ‘कोणत्याही परिस्थितीत’ आहे, त्यामुळे कुर्दांच्या बाबतीतली ती पळवाट बुजली. कराराच्या अंमलबजावणीसाठी हेगमध्ये ओपीसीडब्ल्यू ही कायमची संस्था उभी राहिली. रसायनांच्या तीन याद्या झाल्या. पहिलीत सरीन, मस्टर्डसारखी, ज्यांना अस्त्राखेरीज जवळजवळ उपयोग नाही. दुसरीत थायोडायग्लायकॉलसारखी, जी शाईत आणि कापड रंगवण्यात चालतात पण एकाच पायरीत मस्टर्ड होतात. तिसरीत फॉस्जीन, फॉस्फरस ट्रायक्लोराइड अशी उद्योगात टनांनी लागणारी. याद्यांपलीकडे, वर्षाला २०० टनांहून जास्त साधी सेंद्रिय रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांनाही माहिती द्यावी लागते. म्हणजे तारापूर, रोहा, लोटे-परशुरामच्या वसाहतींतल्या रसायन कारखानदारांपर्यंत हा करार पोचतो. अस्त्रांशी ज्यांचा बापजन्मात संबंध आला नाही त्यांना हे फॉर्म भरणं कटकटीचं वाटतं आणि ते समजण्यासारखं आहे. पण कारखान्याचं दार ठोठावता येणं, हाच या कराराचा प्राण आहे. बाकीचं १९२५ मध्येही लिहून झालं होतं.

एक गोष्ट अजून घडलेली नाही. एखाद्या देशावर संशय आला तर दुसऱ्या देशाला अल्प सूचनेवर ‘चॅलेंज’ तपासणी मागता येते. यासाठीच एवढी वर्षं घासाघीस झाली, आणि आजपर्यंत एकदाही कोणी ती मागितलेली नाही.

अमेरिकी सिनेटमध्ये २४ एप्रिल १९९७ रोजी, म्हणजे करार लागू व्हायला पाच दिवस असताना, मतदान झालं. ७४ विरुद्ध २६. विरोधकांचं नेतृत्व परराष्ट्र समितीचे अध्यक्ष करत होते: जेसी हेल्म्स, १९८८ च्या विधेयकाचे तेच सहप्रवर्तक. लबाड देश सही करून लपवतील आणि प्रामाणिक कारखानदार कागदांखाली दबेल, असं त्यांचं म्हणणं. पहिला भाग पुढे खरा ठरला हे कबूल केलं पाहिजे.

आपणही यात धुतल्या तांदळासारखे नाही. १९ ऑगस्ट १९९२ रोजी भारत आणि पाकिस्तानने संयुक्त घोषणापत्र काढून आपल्याकडे रासायनिक अस्त्रं नसल्याचं जगाला सांगितलं होतं. जून १९९७ मध्ये, नव्या करारानुसार खरं सांगणं भाग पडल्यावर, भारताने सुमारे १,०४४ टन मस्टर्डचा साठा जाहीर केला. तो २००९ पर्यंत मुदतीत नष्टही केला. असं करणारा तो अल्बानिया आणि दक्षिण कोरियानंतरचा तिसरा देश. आधीचं घोषणापत्र आपल्याकडे क्वचितच आठवलं जातं. नुसत्या घोषणापत्राला आणि तपासणीसह आलेल्या कराराला किती वेगळं वजन असतं, हे समजायला परदेशी उदाहरण शोधायची गरज नाही.

सीरियाने २०१३ मध्ये घौटातल्या सरीन हल्ल्यानंतर, अमेरिकी बॉम्बफेकीच्या धाकाने, कराराचं सदस्यत्व घेतलं आणि १,३०० टन रसायनं दिली. त्याच वर्षी ओपीसीडब्ल्यूला शांततेचं नोबेल मिळालं. पण ४ एप्रिल २०१७ ला खान शेखूनमध्ये पुन्हा सरीन पडलं. सगळं दिलेलं नव्हतं. दोषी ठरवणाऱ्या संयुक्त तपास यंत्रणेची मुदतवाढ रशियाने सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून रोखली. शेवटी एप्रिल २०२१ मध्ये सदस्य देशांनी मतदान करून सीरियाचे मताधिकार काढून घेतले, या वेळी नाव घेऊन. दुसऱ्या बाजूला, जगभर जाहीर झालेल्या ७२ हजार टनांहून जास्त साठ्यातलं शेवटचं सरीनचं रॉकेट ७ जुलै २०२३ ला अमेरिकेतल्या केंटकीत नष्ट झालं. आज १९३ देश सदस्य आहेत. इस्राएलने सही केली पण मान्यता दिली नाही. इजिप्त, उत्तर कोरिया आणि दक्षिण सुदान यांनी सहीच केलेली नाही.

हलबजाचा हिशेब कोणाकडून घेतला गेला? कुर्दांविरुद्धच्या मोहिमेचा सूत्रधार अली हसन अल-मजीद याला २०१० मध्ये फाशी झाली. आणखी एक खटला युरोपात चालला. फ्रान्स व्हॅन आनरात या डच व्यापाऱ्याने १९८० च्या दशकात इराकला एक हजार टनांहून जास्त थायोडायग्लायकॉल पुरवलं होतं. माल कापड उद्योगासाठी आहे असा आपला समज होता, असं तो सांगत राहिला. हेगच्या न्यायालयाने २००५ मध्ये त्याला युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल १५ वर्षांची शिक्षा दिली, आणि अपिलात ती वाढली. सद्दामला वायू हवा होता तेव्हा तो त्याला कोणा सेनापतीने नव्हे, निर्यात करणाऱ्या दलालांनी मिळवून दिला.

म्हणून रसायनांच्या व्यापारात असलेल्या वाचकांना एवढंच सांगणं: परदेशी मध्यस्थाकडून मोठी ऑर्डर आली, भाव चढा आहे आणि माल नेमका कोण वापरणार हे तो टाळतो आहे, तर आधी परकीय व्यापार महासंचालनालयाची निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची ‘स्कोमेट’ यादी काढून बघा. रसायन तिच्यात असेल तर परवाना आणि अंतिम वापराचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय ड्रम गोदामाबाहेर काढू नका.